बिनपगारी पाहणी

हर्सूलहून शहरात शिरताना दिल्ली दरवाज्याच्या अलीकडे एक तळे लागते. मोगलांच्या काळात त्याला खिजरी तालाब म्हणत. आज ते सलीम अली सरोवर म्हणून ओळखले जाते. या रस्त्यावरून रोज हजारो माणसे ये-जा करतात, फलक वाचतात आणि पुढे जातात. सलीम अली कोण, असे सहज कुणाला विचारले तर मोठी गमतीची उत्तरे ऐकायला मिळतात. कुणाला ते निजामाच्या दरबारातले सरदार वाटतात, कुणाला जवळच्याच एखाद्या दर्ग्यातले अवलिया. पक्ष्यांचा माणूस, असे नेमके सांगणारा दहांत एखादाच. त्यालाही विचारले, की या माणसाचा आपल्या मुलखाशी संबंध काय, तर तो मान हलवतो. संबंध आहे, आणि तो चांगला जुना आहे. १९३१-३२ साली, मराठवाडा निजामाच्या राज्यात असताना, या माणसाने त्या राज्यातील पक्ष्यांची पद्धतशीर पाहणी केली होती. तीही एक पैसा पगार न घेता. खुशीने नव्हे, तर पगार द्यायला कुणी तयार नव्हते म्हणून.

तळ्यासमोरच हिमायत बाग आहे. तिथले फळ संशोधन केंद्र सर्वांना माहीत आहे. आंबा, चिंच, वड, उंबर अशी मोठाली झाडे असली, की आमच्या या बाजूला एक पाहुणा हमखास येतो. त्याला हरियल म्हणा, हरोळी म्हणा, नाहीतर साधे हिरवे कबूतर म्हणा. महाराष्ट्राचा हा राज्यपक्षी. राज्यपक्षी असूनही पुष्कळांनी तो पाहिलेला नसतो, याचे कारण त्याच्या अंगाचा रंग. पिकल्या उंबरावर वीस-पंचवीस हरियल बसले असले तरी खाली उभ्या असलेल्या माणसाला पानांखेरीज काही दिसत नाही. फळांचा बारीक सडा तेवढा पडत असतो. एखादी काडी मोडली, की सगळे झाड एकदम फडफडते आणि पिवळ्या-हिरव्या पक्ष्यांचा थवा शिट्टीसारखा आवाज मागे ठेवून निघून जातो. पिवळे पाय आणि खांद्यावर जांभळट छटा. दाण्यांवर जगणाऱ्या आपल्या पारव्याचा हा चुलतभाऊ, पण जगतो मात्र फळांवर. हरियल कधी जमिनीला पाय लावत नाही, पाणी प्यायलाही पायात काडी धरून उतरतो, अशी समजूत खेड्यापाड्यांत आहे. समजूतच ती. पण तो झाडावरून क्वचितच खाली येतो, इतका भाग खरा.

सलीम अलींचे आयुष्य सांगायला मी हा पक्षी मध्ये का आणतो आहे, ते पुढे कळेल. आधी त्यांचे बालपण.

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत खेतवाडीत झाला. सुलेमानी बोहरा कुटुंबातले हे नववे आणि शेवटचे अपत्य. मूल एक वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई. या पोरक्या भावंडांना मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी वाढवले. मामा शिकारीचे शौकीन. घरात बंदुका होत्या आणि मुलांच्या हाती छऱ्यांची बंदूक देण्यात कुणाला काही वावगे वाटत नव्हते. पुढे ज्याच्या नावाने देशातले पक्षी ओळखले जाऊ लागले, त्या माणसाची पक्ष्यांशी पहिली ओळख नेम धरूनच झाली. चरित्रकार पुष्कळदा हा भाग हळूच झाकून नेतात. मला तो झाकण्यासारखा वाटत नाही.

त्यांच्या लहानपणाच्या टिपणांत एक नोंद आहे. चिमणीच्या घरट्यापाशी एक नर पहारा देत होता. सलीमने तो मारला. मादीने लगेच दुसरा नर आणला. तोही मारला. असे सात दिवसांत आठ नर गेले आणि प्रत्येक वेळी जागा भरली गेली. ऐकायला हे क्रूर वाटते आणि आहेही. पण नऊ-दहा वर्षांच्या पोराने हे मोजले आणि वहीत उतरवून ठेवले, हे विसरता येत नाही. त्या वयात चिमण्या पुष्कळ पोरे मारतात. हिशेब फार थोडी ठेवतात.

मग आली ती प्रसिद्ध चिमणी. मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ती खाण्याला चालेल का, अशी घरात शंका निघाली. मामा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद. त्यांनी भाच्याला चिठ्ठी देऊन सोसायटीचे मानद सचिव मिलर्ड यांच्याकडे धाडले. मिलर्ड हे मूळचे मद्याच्या व्यापारातले गृहस्थ, पण निसर्गाची जाण पक्की. गोऱ्या साहेबापुढे कागदात गुंडाळलेला मेलेला पक्षी घेऊन उभा राहिलेला हा मुलगा किती घाबरला असेल! साहेबांनी पक्षी पाहून ती रानात राहणारी पीतकंठ चिमणी असल्याचे सांगितले, कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी दाखवले, वाचायला पुस्तके दिली आणि पक्ष्याचे कातडे जपून कसे ठेवायचे तेही शिकवण्याची व्यवस्था केली. मुलगा घरी परतला तो निराळाच होऊन.

यापुढे सगळे सुरळीत झाले असेल असे वाटते, पण तसे मुळीच झाले नाही. शाळेत यथातथा. डोकेदुखीमुळे मध्ये काही काळ सिंधमध्ये नातेवाइकांकडे राहणे. १९१३ मध्ये कसेबसे मॅट्रिक. सेंट झेवियर्समध्ये पाऊल टाकले, पण अभ्यास झेपला नाही आणि १९१४ मध्ये स्वारी ब्रह्मदेशात तावॉय येथे भावाच्या धंद्यात मदतीला रवाना झाली. खाणीतून निघणारे वुल्फ्रम आणि इमारती लाकूड असा तो धंदा होता. पहिल्या महायुद्धात वुल्फ्रमला चांगला भाव असे. पण सलीम अलींचे लक्ष खाणीपेक्षा खाणीभोवतीच्या जंगलावर अधिक. १९१७ मध्ये मुंबईला परतल्यावर घरच्यांनी त्यांना दावर्स कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेबनिशी शिकायला घातले. त्याच वेळी झेवियर्समध्ये फादर ब्लॅटर यांनी त्यांच्यातला कल ओळखून प्राणिशास्त्राच्या वर्गाला बसवले. सकाळी एक, दुपारी दुसरे. माझा स्वतःचा जन्म खतावण्यांत गेल्यामुळे मला या दुहेरी शिक्षणाचे कौतुक वाटते. पुढची साठ वर्षे या माणसाने पक्ष्यांची जी खतावणी ठेवली, तिच्यात प्रत्येक नोंदीला तारीख, जागा आणि साक्ष आहे. व्यापारात त्यांना यश आले नाही. व्यापाराची शिस्त मात्र त्यांनी उचलली.

डिसेंबर १९१८ मध्ये तेहमिना बेगम यांच्याशी त्यांचे लग्न झाले. ब्रह्मदेशातला धंदा पुढे बुडाला. हाताशी नोकरी नाही, पूर्ण विद्यापीठीय पदवी नाही. भारतीय प्राणिशास्त्र सर्वेक्षण खात्यात पक्षीतज्ज्ञाची जागा निघाली. तिच्यावर त्यांच्याइतका हक्काचा उमेदवार देशात क्वचितच असेल. पण पदवीच्या कागदाअभावी ती गेली. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, नव्याने उघडलेल्या निसर्गविभागात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून महिना ३५० रुपयांवर नोकरी मिळाली. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. शाळेची पोरे यायची, काचेमागचे पक्षी दाखवायचे, तेच बोलायचे. दोन वर्षांत कंटाळा आला. १९२८ मध्ये रजा घेऊन ते जर्मनीला गेले.

लंडनपेक्षा बर्लिनचे दार अधिक मोकळेपणाने उघडले. बर्लिनच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात एर्विन स्ट्रेझमान नावाचा मोठा पक्षीशास्त्रज्ञ होता. सलीम अलींनी पुढे आयुष्यभर गुरू म्हणून ज्याचे नाव घेतले तो हाच. हेलिगोलँड बेटावर पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांचे स्थलांतर कसे अभ्यासतात तेही ते शिकले. आणि मुख्य म्हणजे, मेलेल्या पक्ष्याचे नाव ठरवून थांबायचे नाही, तो जिवंतपणी काय खातो, घरटे कसे बांधतो, कुणाशी भांडतो हे पाहायचे, ही दृष्टी त्यांना तिथे मिळाली. त्या वेळी हिंदुस्थानातला पक्षीअभ्यास बहुतांशी गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाती होता. पक्षी मारावा, कातडे भरावे, लंडनला पाठवावे आणि नवी उपजात सापडली तर तिला साहेबाचे नाव द्यावे, असा तो व्यवहार. त्यात विद्या होती, पण चौकट ठरलेली होती.

१९३० मध्ये ते परतले तेव्हा वस्तुसंग्रहालयातली त्यांची जागा पैशाअभावी रद्द झाली होती. वय ३४. बर्लिनचे शिक्षण खिशात आणि उत्पन्न शून्य. पती-पत्नी मुंबई सोडून अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. तेहमिनाबाईंच्या थोड्याशा उत्पन्नावर घर चालू लागले. किहीमच्या घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. बेकार माणसाकडे वेळ भरपूर असतो. सलीम अली मचाणासारख्या आडोशाला बसून तासन्‌तास बघत राहिले. सुगरणीची घरटी आपण सर्वांनी पाहिली आहेत, बहिणाबाईंच्या कवितेमुळे ती आपल्या मनातही आहेत. पण घरटे सुगरण नव्हे, नर बांधतो. अर्धे झाले की थांबतो. माद्या येऊन ते तपासतात. पसंत पडले तर एक मादी राहते आणि तो ते पुरे करतो. आणि ती अंड्यांवर बसली की हे महाशय दुसऱ्या घरट्याला लागतात, हे सगळे किहीमला बारकाईने नोंदवले गेले. १९३१ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात तो निबंध आला आणि स्ट्रेझमानच्या शिष्याचे नाव युरोपात वाचले गेले. त्याच कोकणात बांडगुळाच्या फुलांचे परागीकरण शिंजीर कसे करतो आणि त्याची चिकट बी फुलटोच्या झाडाझाडावर कशी लावत जातो, तेही त्यांनी पाहून लिहिले.

पोट मात्र निबंधांवर भरत नाही. तेव्हा त्यांनी एक युक्ती काढली. हिंदुस्थानातल्या पुष्कळ संस्थानांत पक्ष्यांची नीट पाहणी झालेली नव्हती. सोसायटीमार्फत संस्थानांना कळवायचे, की पाहणी करणारा माणूस मोफत मिळेल, तुम्ही फक्त तंबूचा, गाडीभाड्याचा आणि छावणीचा खर्च द्या. बँकेत असताना असा प्रस्ताव घेऊन कुणी माझ्या टेबलापुढे आला असता, तर मी चहा पाजून त्याला परत पाठवले असते. ना तारण, ना परतफेड, ना उत्पन्न. पण हैदराबादच्या निजाम सरकारने होकार दिला आणि १९३१-३२ मध्ये सलीम अलींची पहिली प्रादेशिक पाहणी सुरू झाली.

निजामाचे ते राज्य म्हणजे तेलंगणातली घनदाट जंगले, कर्नाटकाचा कोरडा पट्टा आणि आपला मराठवाडा. बैलगाडीने सामान, कंदिलाचा उजेड, हिवतापाची भीती. पहाटे बंदूक आणि दुर्बीण घेऊन निघायचे. उन्हे चढेपर्यंत जे दिसेल ते टिपायचे, जे हवे ते मारायचे. दुपारी कातडी सोलून त्यांना सोमलाचा साबण लावायचा, कापूस भरायचा, पायाला चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर जागा, तारीख, नर की मादी, पोटात काय होते. रात्री वही. तेहमिनाबाई या सगळ्यात बरोबर होत्या. सुखवस्तू घरात वाढलेल्या या बाईंनी तंबूतला संसार नुसता सोसला नाही, तो चालवला. त्यांचे वाचन चांगले होते आणि नवऱ्याच्या इंग्रजी लेखनाला जी साधी, बोलती धाटणी पुढे आली तिच्यात त्यांचा वाटा होता. सलीम अलींच्या गौरवग्रंथांत या बाई दोन-चार ओळींत आटोपतात. हा त्यांच्यावरचा अन्याय आहे, असे मला वाटते.

आता हरियल. एकाच पक्ष्यासाठी एवढी कातडी जमवण्याचा आटापिटा का, असे सामान्य माणसाला वाटते. उत्तर हरियलच्या पोटावर आहे. उत्तर हिंदुस्थानातल्या हरियलचे पोट राखट, दक्षिणेतल्याचे पिवळसर हिरवे. कुठे एक संपतो आणि दुसरा सुरू होतो, मधल्या पट्ट्यात ते मिसळतात का, हे घरबसल्या सांगता येत नाही. त्यासाठी जागोजागचे पक्षी शेजारी शेजारी ठेवून पाहावे लागतात. दख्खन हा असल्या अनेक सीमारेषांचा प्रदेश. हैदराबादच्या पाहणीचे महत्त्व ते. तिचा वृत्तांत १९३३-३४ मध्ये हप्त्याहप्त्याने छापला गेला आणि त्यात ह्यू व्हिसलर यांच्या शास्त्रीय टिपा होत्या.

या व्हिसलरांची हकीकत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पंजाबात पोलीस अधिकारी राहिलेला हा माणूस हिंदुस्थानी पक्ष्यांवरचा शेवटचा शब्द मानला जाई. भृंगराज कोतवालाच्या लांब शेपटीच्या टोकाला पिसाची जी पाती असते, ती काडीच्या आतल्या बाजूला नसते, असे त्यांनी लिहिले. सलीम अलींनी नियतकालिकाला कळवले, की हे जुन्या पुस्तकांतून चालत आलेले चुकीचे विधान आहे. पिसाच्या काडीला पीळ असतो, त्यामुळे आतली बाजू बाहेरची वाटते. कोण हा नवशिका, म्हणून व्हिसलर संतापले, संपादकांना चार खोचक पत्रे लिहिली. मग त्यांनी आपल्याकडची कातडी पुन्हा काढून पाहिली. पीळ होता. त्यांनी चूक मान्य केली आणि त्या दिवसापासून दोघांची जन्माची मैत्री जमली. पराधीन देशातल्या एका बेकार माणसाने साहेबाची चूक काढावी आणि साहेबाने ती कबूल करावी, हे त्या काळात रोज घडत नव्हते.

हैदराबादनंतर दारे उघडली. १९३३ मध्ये त्रावणकोर-कोचीन, पुढे ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ, कच्छ, बडोदे. पगार कुठेच नाही. १९३७ मध्ये कर्नल माइनर्ट्झहागेन यांच्याबरोबर अफगाणिस्तानची मोहीम झाली. या कर्नलसाहेबांचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे, त्यांच्याकडे परत यायचे आहे. ९ जुलै १९३९ रोजी एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर रक्तात विष भिनून तेहमिनाबाई वारल्या. मूलबाळ नव्हते. सलीम अलींनी पुन्हा लग्न केले नाही. वांद्र्याला पाली हिलवर बहीण कमू आणि मेहुणे हसन अली यांच्या घरी त्यांनी उरलेले आयुष्य काढले. दोनच वर्षांनी, १९४१ मध्ये, द बुक ऑफ इंडियन बर्ड्स हे पुस्तक आले. देशी माणसाने देशी वाचकासाठी लिहिलेले हे पक्ष्यांचे पहिले खरेखुरे खिशातले पुस्तक. नेहरूंनी ते तुरुंगात वाचले आणि आपल्या मुलीलाही त्याची गोडी लावली. पुढे सोसायटी आर्थिक अडचणीत आली तेव्हा सलीम अलींनी नेहरूंना पत्र लिहून मदत मिळवली, यामागे हा जुना धागा होता.

स्वभावाने माणूस चमत्कारिकच. शरीराने काटकुळा, खाण्यात मोजका, वेळेला अतिशय काटेकोर. छावणीत कुणी घोरलेले त्यांना चालत नसे. पैशाच्या बाबतीत हात आखडता. पण मोटारसायकल म्हटली की हा संयम सुटे. हार्ले-डेव्हिडसनसह कितीतरी गाड्या त्यांनी वापरल्या. १९५० मध्ये स्वीडनमध्ये उप्साला येथे पक्षीशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिला जाताना त्यांनी आपली सनबीम जहाजात घातली आणि ५३ व्या वर्षी युरोपभर ती फिरवली. परिषदेच्या दारात ते धुळीने माखून उतरले तेव्हा काहींना वाटले, हे गृहस्थ हिंदुस्थानातून गाडी चालवतच आले.

अमेरिकेचे डिलन रिप्ली यांच्यासोबत त्यांनी भारतीय उपखंडातील पक्ष्यांचा महाग्रंथ सिद्ध केला. १९६८ ते १९७४ या काळात त्याचे दहा खंड निघाले. त्यातल्या तिसऱ्या खंडात कबुतरांचे कूळ आहे. ते वाचताना दृष्टी हिंदुस्थानच्या किनाऱ्यापलीकडे जाते. फळे खाणाऱ्या कबुतरांचे खरे राज्य उष्ण कटिबंधातल्या बेटांवर. इंडोनेशियापासून पॅसिफिकपर्यंत, जिथे माकडे आणि मोठे फळखाऊ प्राणी पोहोचले नाहीत, तिथे फळे गिळून बिया रानभर पेरण्याचे काम पुष्कळदा या पक्ष्यांनी उचलले. आपल्याकडे अंदमान-निकोबारात तसले वैभव शिल्लक आहे. अंदमानचा हिरवा कपोत त्या वेळच्या ग्रंथांत उपजात म्हणून होता, आज तो वेगळी जात मानला जातो. निकोबारच्या झळाळत्या कबुतराची कथा आणखी मोठी. २००२ मध्ये जनुकीय तपासणीत असे निघाले, की मॉरिशसमधून सतराव्या शतकात नाहीशा झालेल्या डोडोचा सर्वांत जवळचा जिवंत नातलग हाच पक्षी. तो बोजड, न उडणारा, चेष्टेचा विषय झालेला डोडो म्हणजे बेटावर वाढलेले कबूतरच.

आपला हरियल मात्र या भाऊबंदांत वेगळा निघाला. बेटांवरचे फळकपोत बी साबूत बाहेर टाकतात. हरियलच्या कुळातल्या पक्ष्यांचे पोट जाड स्नायूंचे, ते गिळलेल्या खड्यांच्या मदतीने उंबराच्या बारीक बियाही दळून टाकतात. म्हणजे दिसायला दोघेही फळखाऊ, पण एक पेरणारा आणि दुसरा चक्की चालवणारा. उंबर लावण्याचे श्रेय आपल्याकडे बुलबुलाला, धनेशाला, वटवाघळाला द्यावे लागते. नुसते झाडावर कोण बसले आहे एवढे पाहून कोण उपकारक ते ठरत नाही. बांडगुळाच्या बाबतीत सलीम अलींनी कोकणात जो खुलासा केला, तोच मार्ग याही प्रश्नाला लागू आहे.

मानसन्मान उशिरा आणि भरभरून आले. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण. त्याच सुमारास पॉल गेटी पारितोषिकाचे ५०,००० डॉलर मिळाले, त्यातली बहुतेक रक्कम त्यांनी सोसायटीला दिली. १९८२ मध्ये राष्ट्रीय प्राध्यापक, १९८५ मध्ये राज्यसभेवर नियुक्ती. पदवी नाही म्हणून ज्याला दारातून परत पाठवले होते, त्याला तीन विद्यापीठांनी डॉक्टर केले. केरळातील सायलेंट व्हॅलीचे जंगल धरणाखाली जाऊ नये म्हणून जी चळवळ झाली तिच्यामागे त्यांचे वजन उभे राहिले. १९८३ मध्ये तो प्रकल्प सोडून दिला गेला.

भरतपूरबद्दल मात्र थोडे थांबून बोलायला हवे. केवलादेवचे पाणथळ रान पूर्वी महाराजांचे बदकांच्या शिकारीचे राखीव ठिकाण. स्वातंत्र्यानंतर ते कोरडे करून शेतीला द्यावे, अशी मागणी जोर धरू लागली. सलीम अलींनी थेट दिल्लीपर्यंत जाऊन ते वाचवले, हे निर्विवाद. पुढे राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ मध्ये तिथली गुरचराई बंद केली गेली. या बंदीला त्यांचा पाठिंबा होता. गावकऱ्यांनी विरोध केला, गोळीबार झाला, माणसे मेली. आणि मग त्यांच्याच सोसायटीने १९८० पासून तिथे जो दीर्घ अभ्यास चालवला होता त्याचा निष्कर्ष १९९१ मध्ये आला. म्हशी गेल्यामुळे पाण्यातले गवत बेसुमार माजले, उघडे पाणी कमी झाले आणि पक्ष्यांचेच नुकसान झाले. सलीम अली तेव्हा हयात नव्हते. असते तर त्यांनी काय केले असते, याचा तर्क करण्यात अर्थ नाही. पण ज्या म्हशीवाल्यांची पोरे त्या गोळीबारात गेली, त्यांना हा निष्कर्ष कुणी जाऊन सांगितला असेल का, असा प्रश्न मला पडतो. पक्ष्यांच्या बाजूने उभे राहणाऱ्या थोर माणसांच्या चरित्रात असे एखादे पान असते. ते फाडून टाकून चरित्र मोठे होत नाही.

त्यांच्या नावाने पुढे काय काय झाले! १९७२ मध्ये थायलंडच्या एका शास्त्रज्ञाला सोसायटीच्या संग्रहात साध्या फळखाऊ वटवाघळाची चिठ्ठी बांधलेला एक नमुना आढळला. तो १९४८ मध्ये तामिळनाडूच्या डोंगरात धरला गेला होता. तपासता तो जगाला अनोळखी असा वेगळाच प्राणी निघाला. त्याला सलीम अलींचे नाव दिले गेले. २०१६ मध्ये हिमालयातल्या एका कस्तुराच्या नव्या जातीलाही त्यांचे नाव मिळाले. कोईमतूरला त्यांच्या नावाची संशोधन संस्था आहे, गोव्यात चोडण बेटावर अभयारण्य आहे. आणि आपल्या दिल्ली दरवाज्यापाशी तळे आहे, ज्याच्या वाट्याला जलपर्णी आणि शहराचे सांडपाणी आले.

२० जून १९८७ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय नव्वद वर्षे होते. दोन वर्षांपूर्वीच त्यांचे आत्मचरित्र आले होते आणि त्याच्या नावात ती पिवळ्या गळ्याची चिमणी होती.

एक शोध मात्र अपुरा राहिला. आपल्या खानदेशात एकोणिसाव्या शतकात रानपिंगळा नावाचे एक लहानसे घुबड सापडत असे. १८८४ नंतर ते कुणाला दिसले नाही. पण कर्नल माइनर्ट्झहागेन यांनी १९१४ मध्ये गुजरातेत तापीकाठी आपण ते मारल्याचे नोंदवून नमुनाही दाखवला होता. १९७० च्या दशकात रिप्ली आणि सलीम अली यांनी या घुबडाचा पुष्कळ शोध घेतला, ते हाती लागले नाही. नव्वदीत उघड झाले, की कर्नलसाहेबांनी लंडनच्या संग्रहालयातून जुने पक्षी चोरून, नवे कापूस भरून, खोट्या तारखा आणि खोट्या जागा लिहून आपले म्हणून ठेवले होते. गुजरातचा रानपिंगळाही त्यातलाच, खानदेशातून गेलेला चोरीचा माल. ती खोटी चिठ्ठी बाजूला काढल्यावर पामेला रासमुसेन आणि त्यांचे साथीदार जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागा धुंडाळत निघाले. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या रानात, भर दिवसा, एका निष्पर्ण झाडावर रानपिंगळा त्यांच्यासमोर बसला होता. सलीम अलींना जाऊन तेव्हा दहा वर्षे झाली होती.